चंचल मुलाला उत्तेजक औषध कशाला?

"डॉक्टर, हा आधीच घरभर उड्या मारतो, त्याला आणखी उत्तेजक गोळी?" एका आईचा हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. तिचा मुलगा पहिलीत असताना मीच "मोठा झाला की शांत होईल" असं सांगून तिला परत पाठवलं होतं. एडीएचडीचं निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केलं ते चौथीत. मधली तीन वर्षं त्याने वर्गाबाहेर उभं राहून काढली, ती माझ्यामुळे.

१९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना बेन्झेड्रिन दिलं, तेव्हा त्यांतली बरीच मुलं चक्क अभ्यासाला लागली. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणत!

असं का होतं? कपाळामागचा मेंदूचा भाग आपला लगाम धरतो. त्यासाठी त्याला डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन लागतं. मिथाइलफेनिडेट ही रसायनं पेशींत परत शोषली जाऊ देत नाही, त्यामुळे ती दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकतात. म्हणजे जोर मिळतो तो लगाम धरणाऱ्याला, घोड्याला नाही. ही गुंगी नव्हे. मूल पेंगुळलेलं दिसलं तर डोस जास्त होतोय का, हे डॉक्टरांना विचारा.

साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तासांत ओसरतो. भूक मंदावते, कधी झोप लांबते. म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नियमित तपासून घ्यावा लागतो. त्या मुलाचा डबा हल्ली अर्धा परत येतो. आई सकाळी पोटभर खायला घालून मगच गोळी देते, आणि संध्याकाळी भूक परतली की थालीपीठ तयार असतं.