शून्य पॉइंट शून्य सात

मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्याकडे वर्षभर कुणी फिरकत नाही. थिसिस जमा करायच्या आठवड्यात मात्र दाराशी चपलांचा ढीग पडतो.

भूलशास्त्राची एक रेसिडेंट अशीच संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन आली. ऑपरेशननंतरच्या वेदनेवर दोन औषधांची तुलना. मास्टर चार्टमध्ये शंभर रुग्ण. "सर, गाईड म्हणालेत, सिग्निफिकंट यायला हवं." चाचणी लावली. पी व्हॅल्यू ०.०७; हवी होती ०.०५ च्या आत.

तिचा चेहरा उतरला. रात्र रात्र जागून, दर दोन तासांनी खाटेपाशी जाऊन तिने ते आकडे टिपले होते. मला कळवळा आला. म्हटलं, जरा वेगळं करून बघू. नुसते पुरुष. नुसत्या बायका. मधुमेही. सहाव्या तासाचा वेदनेचा व्हास स्कोअर, मग बाराव्या. चहा दोनदा झाला. विसाव्या खटपटीला साठीच्या आतल्या बायकांत ०.०३ आला! थिसिसमध्ये तेवढाच तक्ता गेला, आधीचे एकोणीस मी पुसून टाकले. आभाराच्या पानावर माझं नाव आलं, वर पेढेही.

पुढच्याच आठवड्यात वर्गात नेहमीचं गणित मांडलं. औषधात काही दम नसला, तरी एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर एखादी तरी ०.०५ च्या खाली जायची शक्यता सुमारे ६४ टक्के. ०.९५ चा विसावा घात १ मधून वजा करायचा, झालं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, थिसिसला आपण तेच करतो ना?"

वर्ग हसला. मी फळा पुसू लागलो.

ही ०.०५ ची रेघ रूढ झाली ती रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. त्याच फिशरने १९३८ साली कलकत्त्याच्या परिषदेत बजावलं होतं, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुधा शवविच्छेदनच. दोन्ही गोष्टी मी परीक्षेत विचारतो. गाईडना नावं ठेवता आली असती, पण कळ दाबणारा मीच होतो.

आता मी अभ्यास सुरू होण्याआधी, सिनॉप्सिसच्या वेळीच यायला सांगतो. ०.०७ आला तर ०.०७ च लिहायचा, आणि किती चाचण्या केल्या तेही. काही जण ऐकतात. बाकीचे गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. तिथे अ‍ॅनालिसिस, टायपिंग आणि बाइंडिंग एकत्र होतं.

तिचा थिसिस लायब्ररीत आहे. गेल्या वर्षी एका ज्युनिअरच्या संदर्भयादीत तो मला दिसला.