पोटमाळा नसलेल्या खोल्या

मुंबईकर खोली घेतो ती लांबी-रुंदी बघून, पण राहायला लागला की त्याची नजर वर जाते. छत बारा-तेरा फुटांवर असलं तर त्याला चैन पडत नाही. एवढी जागा नुसती अधांतरी कशाला ठेवायची? मग सुतार येतो, तुळया घालतो, फळ्या ठोकतो आणि पोटमाळा तयार होतो. त्यावर गाद्या जातात, पिंपं जातात, गणपतीचं मखर जातं आणि वेळ आली तर धाकट्या दिराचा संसारही जातो. चाळीपासून पेढीपर्यंत सगळीकडे हाच न्याय. म्हणून या शहरातलं एखादं हॉटेल खरोखर थाटाचं आहे की नाही, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. आत शिरल्यावर मेन्यूकार्ड हाती घेण्याआधी वर बघायचं. छत उंच आहे आणि तरी पोटमाळा घातलेला नाही, म्हणजे मालकाने कमाईवर पाणी सोडलंय. मुंबईत याहून मोठी ऐट नाही.

या ऐटीचं आद्यपीठ म्हणजे अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल. ते १९०३ साली उघडलं, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं; ते १९२४ चं. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसलं की समोर गेटवे, पलीकडे अलिबागला जाणाऱ्या लाँचा आणि हातात चहा. तो चहा महाग असतो, हे वेगळं सांगायला नको. पण तिथे येणारा माणूस चहासाठी येतच नाही. कप रिकामा झाल्यावरही आपल्याला कोणी उठवणार नाही, या खात्रीसाठी तो येतो. इथे बसून कित्येक घरांत सोयरिकी जुळल्या म्हणतात. साहजिकच आहे. मुलगा-मुलगी समोरासमोर बसून गप्प राहू शकतील एवढी फुरसत घरच्या दोन खोल्यांत कुठून आणायची?

ताजची पायरी चढायचा ज्यांना धीर होत नसे, त्यांच्यासाठी इराणी होता. आज आपण इराण्याला भाबडेपणाने गरिबाचं हॉटेल म्हणतो. पण संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतभर आरसे आणि कोपऱ्यावरची, दोन रस्त्यांना तोंड असलेली जागा, हा त्या काळचा झोकच होता. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. भिंतींचे पोपडे निघालेत, पण छत अजून तितकंच उंच आहे. तिथले मालक बोमन कोहिनूर वयाच्या नव्वदीनंतरही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांची विचारपूस करत. २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी ते गेले. तिथल्या बेरी पुलावातली लालभडक, आंबट झेरेश्क इराणची. भाताच्या ढिगातून ती एखादी दाताखाली आली की सगळ्या पुलावाची चव फिरते. आणि हे सगळं फक्त दुपारी. इतकी मोक्याची जागा रात्री कुलपात ठेवणं, हीसुद्धा एक श्रीमंतीच.

कुलाब्यात ताजच्या मागच्या बाजूला, मांडलिक रोडवर, १९९९ मध्ये राहुल आकेरकरांनी एका जुन्या बंगल्यात इंडिगो उघडलं आणि पंचतारांकित हॉटेलाबाहेरही झोकात जेवता येतं, हे मुंबईला पटलं. २०१८ मध्ये ते बंद झालं. त्याच परिसरात २०११ पासून द टेबल आहे. त्यांची भाजी अलिबागच्या त्यांच्याच शेतातून येते. पण मला गंमत वाटते ती मधल्या लांबलचक सामायिक टेबलाची. तिथे अनोळखी माणसं शेजारी-शेजारी बसून जेवतात आणि त्याचं कौतुक होतं. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात हेच आपण जन्मभर करत आलो. तिथे समोरचा माणूस कोण हे बघायलाही सवड नसते; त्याच्या सांबाराची वाटी आपल्या कोपराला लागते, आणि आपला शेवटचा घास व्हायच्या आत मागे कोणीतरी खुर्चीची पाठ धरून उभा राहतो. गर्दीतून आलेला शेजार आणि हौसेने घेतलेला शेजार यांच्यातला फरक बिलात दिसतो.

गेल्या काही वर्षांत ही हौस गिरणगावात येऊन पोचली, त्यालाही कारण छतच. गिरण्यांतल्या साच्यांना, म्हणजे मागांना, आणि पट्ट्यांना उंची लागे. विणकामाला सावली न पाडणारा उजेड हवा, म्हणून करवतीच्या दातांसारखी छपरं करून त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. उंच छपरं तेवढी मागे राहिली. महालक्ष्मीला लोकरीच्या गिरणीच्या आवारात २०१६ मध्ये मास्क नावाचं हॉटेल उघडलं. तिथे मेन्यू निवडायचा नसतो; दहा पदार्थ एकामागून एक येतात आणि एखाद्यात लडाखची आंबट फळंही भेटतात. याच गिरण्यांतला कामगार मात्र दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपत असे आणि खानावळवालीच्या घरी जेवत असे. त्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्यांच्याकडेही पदार्थ कोणाला निवडायला मिळत नव्हते. ताटात पडेल ते खायचं. साम्य इथेच संपतं. उंच छत साच्यांच्या वाट्याला होतं, माणसांच्या वाट्याला पोटमाळा.

आणि मोकळी जागा भरून काढायची आपली खोड काही सुटत नाही. २०१७ च्या २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसं गेली. गच्ची म्हणजे वर आभाळ असलेली जागा; तिच्यावर पेट घेणारं छप्पर घातलेलं होतं. पोटमाळ्याचीच बुद्धी, फक्त जास्त पैशांची. तेव्हापासून छताबरोबर बाहेर पडायची वाटही बघून ठेवतो.

त्याच आवारात २०१५ पासून द बॉम्बे कॅन्टीन आहे. फ्लॉइड कार्डोझ हा मुंबईत जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेला शेफ त्याच्या संस्थापकांपैकी एक. २०२० च्या मार्चमध्ये कोविडने तो गेला. माझ्या मावशीला मी तिथे घेऊन गेलो. ती गिरगावच्या चाळीत वाढलेली, त्यामुळे तिला पदार्थाआधी जागा दिसते. चीज टोस्टवर अंडं आणि हिरवी मिरची, असं एग्ज केजरीवाल आलं. विलिंग्डन क्लबातला हा पदार्थ तिने मुकाट्याने संपवला. मग गुलाबजामाचा डोनट आला. त्यात रम आहे हे कळल्यावर तिने अर्धा माझ्याकडे सरकवला आणि थोड्या वेळाने परत घेतला. सगळा वेळ ती शेजारच्या टेबलापर्यंतचं अंतर नजरेने मोजत होती.

बिल आलं. मी ते लपवायच्या आत तिने ओढून घेतलं, चष्मा लावून खालचा आकडा वाचला आणि पुन्हा एकदा वर छताकडे पाहिलं.

"एवढ्या जागेचं दोन तासांचं भाडं धर," ती म्हणाली, "मग जेवण फुकटातच पडलं की रे!"