सॅक पाठीवर टाकून मौसुनीला

कोलकात्यात राहणाऱ्याला समुद्र बघावासा वाटला, की तो बहुतेक वेळा दीघा नाहीतर पुरी गाठतो. दोन्ही ठिकाणं छान आहेत, पण सलग सुट्ट्या आल्या की तिथे वाळूत पाय ठेवायला जागा मिळत नाही. गर्दी नको असेल, दोन दिवस पाठीवर मावेल एवढंच सामान घेऊन कुठेतरी जायचं असेल, तर मौसुनी बेटाचा विचार जरूर करा.

दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातलं हे बेट सुंदरबनच्या पश्चिम टोकाला आहे. पश्चिमेला मुडीगंगा नदी आणि पलीकडे गंगासागरचं बेट, पूर्वेला चिनाई नदी आणि दक्षिणेला बंगालचा उपसागर. क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस किलोमीटर आणि वस्ती वीस हजारांहून जास्त. सुंदरबन म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, पण वाघाचं जंगल इथून पूर्वेला बरंच दूर आहे. मौसुनी म्हणजे शेतकऱ्यांचं आणि मासेमारांचं साधं बेट.

गेल्या जानेवारीत मी आणि माझी एक बंगाली मैत्रीण तिथे दोन रात्री राहून आलो.

कसं जाल?

सियालदह स्टेशनच्या दक्षिण विभागातून नामखानाची लोकल पकडायची. अंतर सुमारे ११० किलोमीटर, वेळ साधारण तीन तास. तिकीट अगदी स्वस्त. पहाटेची गाडी धरली तर खिडकी मिळते. वाटेत बारुईपूर येतं, तिथले पेरू प्रसिद्ध आहेत. मग जयनगर. हिवाळ्यात इथला 'मोआ' खायलाच हवा. खजुराच्या नव्या गुळात सुवासिक तांदळाच्या लाह्या वळून केलेला हा लाडू तोंडात टाकला, की विरघळतो. डब्यात झालमुडी आणि लिंबाचा चहा विकणारे येत-जात असतात, त्यामुळे घरून डबा नेला नाही तरी चालतं.

नामखानाला उतरलं की हातानिया-दोआनिया नदी ओलांडायची. पूर्वी इथे गाड्यासुद्धा बार्जवर चढवून पलीकडे न्याव्या लागत, आता पूल झाला आहे. तिथून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, चिनाई नदीच्या घाटावर जायचं. मग 'भुटभुटी'. इंजिनाच्या होडीला इथे हेच नाव आहे आणि ती सुरू झाली की नाव कुठून आलं ते लगेच कळतं. काही मिनिटांत पलीकडचा काठ येतो. पुन्हा टोटो पकडून बेटाच्या दक्षिण टोकाचं बालियाडा गाव गाठायचं. आम्ही दुपारच्या जेवणाला पोहोचलो.

घरासारखं घर

किनाऱ्यालगत तंबू आणि बांबूच्या खोल्या बऱ्याच आहेत. फोटो त्यांचेच जास्त दिसतात. आम्ही मात्र बांधाच्या आतल्या बाजूला एका घरात राहिलो. मातीचं सारवलेलं अंगण, मागे छोटं तळं, परसात केळी. घरच्या बाईंना माझी मैत्रीण 'मासी' म्हणू लागली, मीही तेच म्हटलं. मासी म्हणजे आपली मावशीच.

जेवायला भात, पातळ मसूर डाळ आणि मोहरी घातलेला मासा. बंगालीतला 'पार्शे' म्हणजे आपल्याकडची बोय. 'भेटकी' म्हणजे रायगडकरांचा लाडका जिताडा. हे मी सांगितलं तेव्हा मासींना फार मौज वाटली. "तुमच्याकडे पण खाडी आहे?" त्यांनी विचारलं. मग आमच्या गप्पा रंगल्या. इथलं बाईनचं झाड म्हणजे आपली तिवर, झाऊ म्हणजे सुरू. भरतीला 'जोआर' म्हणतात आणि ओहोटीला 'भाटा'. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला 'कोटाल'.

पाण्याखालचं अंगण

आम्ही गेलो तो पौर्णिमेचा दिवस होता. दुपारी चारच्या सुमारास पाणी खूप आत गेलं आणि ओल्या, राखाडी वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडला. पाऊल वाजलं की लाल खेकडे क्षणात बिळात गडप होत. आम्ही चालत बरंच पुढे गेलो. तिथे वाळूतून झाडांची काळी बुंधं वर आलेली दिसली, एका ओळीत, कुणीतरी मुद्दाम लावल्यासारखी.

मासी शिंपले वेचायला आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लावलेलीच आहेत. इथे घरं होती. आमचं पहिलं घर याच्याही पुढे होतं." त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. आत्ताचं घर तिसरं. दर वेळी थोडं आत सरकायचं आणि नवी चूल मांडायची.

तीन वादळांची नावं इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. २५ मे २००९ ला आयला. २० मे २०२० ला अम्फान, ते जवळच बक्खालीपाशी जमिनीवर आलं. आणि २६ मे २०२१ ला यास. यास खरं तर ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं, पण नेमकी त्या दिवशी पौर्णिमा होती. वादळाचा फुगवटा आणि उधाणाची भरती एकत्र आली. बांध फुटले आणि खारं पाणी शेतात, तळ्यात आणि घरात शिरलं.

हे ऐकताना मला कोकण आठवत होतं. अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात आलं होतं आणि यासच्या आधी काही दिवस तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं होतं. तेव्हा श्रीवर्धन-मुरुडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. इथे जमीन जागेवर राहिली, पण ती खारट झाली. तळ्यातले गोड्या पाण्याचे मासे मेले आणि भाताचं पीक गेलं. मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात.

कोकणातल्या खारभूमीतही समुद्र अडवायला बांध असतात आणि आतलं पाणी सोडायला उघाडी. पण मागे डोंगर असतो, वर चढून जाता येतं. मौसुनीला डोंगर नाही. सुंदरबनची पुष्कळशी शेतं भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहेत. भारतातल्या सुंदरबनात सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीचे बांध आहेत आणि बहुतेक मातीचे. समुद्राची पातळी वाढते आहे, नद्यांनी आणलेला गाळ पूर्वीइतका मिळत नाही, त्रिभुज प्रदेशाची जमीनही हळूहळू खचते आहे. गंगासागरजवळचं लोहाचरा बेट पाण्याखाली गेलं. घोडामारा बेट वर्षानुवर्षं लहान होत चाललं आहे.

मग जावं की नाही?

रात्री जेवण झाल्यावर पाणी पुन्हा चढलं. दुपारी आम्ही जिथे फिरलो, तिथे आता लाटा होत्या. चांदण्यात सगळं फार सुंदर दिसत होतं. किनाऱ्यावरच्या एका तंबूच्या बांबूंपर्यंत फेस येऊन पोहोचला होता.

मैत्रीण हळूच म्हणाली, "आपण इथे फिरायला येणं बरोबर आहे का गं?"

तोच प्रश्न तिने सकाळी मासींना बंगालीत विचारला. त्या तेव्हा खजुराचा ताजा रस पेल्यात ओतत होत्या, थंडगार आणि आपल्या नीरेसारखा गोड. लेकीच्या वयाच्या मुलीला इथे प्रेमाने 'मा' म्हणतात. त्या म्हणाल्या, "शोन मा, माझा मुलगा केरळात बांधकामावर आहे. पाहुणे असतात ते चार महिने तो इथे असतो. एरवी मी फोनवरच त्याला बघते."

अर्थात सगळंच चांगलं नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं खेकड्यांच्या बिळांजवळ पडलेली दिसली. वाळूवर जेवढं बांधकाम वाढेल, तेवढी वाळू धरून ठेवणारी झुडपं कमी होतील. म्हणून जाणं आणि कसंही जाणं, यात फरक आहे.

जाताना एवढं करा

राहायला बांधाच्या आतलं घर शोधा. पैसे थेट त्या कुटुंबाच्या हातात पडतात आणि जेवणही चांगलं मिळतं.

पाण्याची बाटली घरून न्या आणि तिथे भरून घ्या. आपला कचरा आपल्याच सॅकमध्ये परत आणा.

रोख पैसे, आधार कार्ड, टॉर्च आणि डासांचं मलम हवंच. रात्री मोठ्या आवाजात गाणी नकोत, इथे लोक लवकर झोपतात.

सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर होडीत चढता-उतरताना हात द्या, घाटावर चिखल असतो. समुद्रात फार आत जाऊ नका.

निघताना मासींकडून पाटाली गूळ विकत घ्या. किंवा तुमच्या मासी कोण असतील, त्यांच्याकडून.

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिना आणि पावसाळा टाळा. आणि तारीख ठरवताना भिंतीवरच्या कालनिर्णयात सुट्टीबरोबर तिथीही बघा. पौर्णिमेचा समुद्र बघण्यासारखा असतो खरा, पण त्या रात्री बालियाडात कुणीतरी बांधावर जाऊन पाणी कुठवर आलं, ते बघून येतं.