साचेबद्ध

मराठी समीक्षेत ‘साचेबद्ध’ हा शब्द दूषण म्हणूनच वापरला जातो. कथा साचेबद्ध म्हटली की तिच्याविषयी अधिक बोलण्याचे कारण उरत नाही. कारागिरीविषयी लिहितानाही हीच दृष्टी आपल्याला सोडत नाही. आपण सुताराच्या ‘हाता’चे कौतुक करतो आणि त्याने स्वतःसाठी केलेल्या साधनांकडे पाहत नाही.

आष्ट्यातील एका सुतारखान्यात दारांच्या झडपा तयार होताना पाहिल्यावर हा शब्द आम्हाला पुन्हा तपासावासा वाटला. तेथे मेजाखाली राऊटर उलटा बसवलेला होता आणि पाते तेवढे वर फिरत होते. लाकडाच्या लांब कडेवर ते पाते सुखाने चालते. टोकाची गोष्ट वेगळी. तेथे तंतू तुटून उघडे पडलेले असतात आणि पाते ज्या कडेने बाहेर पडते, तिथल्या तंतूंना पाठीमागून आधार नसतो. ते कापले न जाता ढलपा होऊन उडतात. पट्टी अरुंद असेल तर पात्यालगतच्या आडफळीला टेकण्याइतकी जागाच तिला मिळत नाही. ती पात्यापाशी वळते आणि तिच्यासोबत धरणारी बोटेही ओढली जातात. पात्याचे फेरे मिनिटाला बहुधा १०,०००हून अधिक असतात, त्यामुळे हात मागे घ्यायला अवधी मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे जिग: एक सपाट सरकती फळी, तिच्यावर गुण्यात बसवलेला ठोकळा, पट्टी आवळून धरणारा क्लॅम्प आणि पट्टीच्या मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा. फळी पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवायची. हात पात्यापासून दूर राहतात, टोक काटकोनात कापले जाते आणि ढलपा उडालाच तर तो टाकाऊ तुकड्याचा उडतो. चारही कडा कापायच्या असतील तर आधी टोके आणि मग लांब कडा घ्यायच्या. टोकाशी राहिलेली किरकोळ इजा पुढच्या कापात निघून जाते.

यात यंत्रयुगाचे नावीन्यही फारसे नाही. हातरंध्याने टोक साफ करतानाही मागे तुकडा आवळतात, किंवा दोन्ही कडांकडून मध्याकडे रंधतात. लाकडाचा स्वभाव ओळखून पिढ्यांनी काढलेली ही युक्ती जिगमध्ये स्थिर झाली आहे.

म्हणूनच त्याला कुबडी म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. हा साचा वस्तूचा आकार ठरवत नाही, तो हाताची वाट ठरवतो. अपघात झाला की ‘लक्ष नव्हते’ असे म्हणून आपण दोष शिकाऊ मुलावर टाकतो. पण दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी लक्ष थकणारच. आवळलेला क्लॅम्प थकत नाही. साचा मोडणाऱ्या लेखकाची फार तर एक कथा फसते. सुतारखान्यातल्या मुलाची बोटे मात्र परत येत नाहीत. ‘साचेबद्ध’ हा शब्द पुढच्या वेळी लिहिताना आम्हाला हा फरक आठवावा.