वर्षावासातली संध्याकाळ

रिठद. आषाढ पौर्णिमा झाली. निंदण आटोपून बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात येतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन आता आश्विन पौर्णिमेपर्यंत चालेल. वाचणारी पोर अडखळली की एखादी आजी पुढचं सांगते. तिला अक्षरओळख नाही, तरी! मला हे फार मोलाचं वाटतं.

अपमान झाल्यावर आपली प्रार्थनेची जागा आपणच उभी करणारे दूरदेशीही झाले. तिकडे अमेरिकेत, फिलाडेल्फियात, कृष्णवर्णीय म्हणून चर्चमध्ये भर प्रार्थनेतून उठवलेल्या अ‍ॅब्सलम जोन्स यांनी १७९४ मध्ये कृष्णवर्णीयांचं एपिस्कोपल चर्च उभं केलं. बाबासाहेबांनीही १९४६ मध्ये तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दलित आणि कृष्णवर्णीयांचं नातं जोडलं होतं. अपमान सारखाच, म्हणून माणसंही आपलीच.

वाचनानंतर आज पोरींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला घेतले. दोघींचे जातीचे दाखले राहिलेत. उद्या सकाळच्या एसटीनं रिसोडला जायचं ठरलं.