कंबर, पतंग आणि मी

सांगोल्यासारख्या दुष्काळी गावच्या माणसाने मोठ्या पतंगाच्या जोरावर समुद्रात फळीवरून घसरायला शिकायचं, म्हणजे काईटबोर्डिंग करायचं, हे ऐकून घरात हशा पिकला. आई तेवढी हसली नाही. "कंबर विसरलास का रे?"

विसरेन कसा? २०१९ साली डाळिंबाचं भरलेलं क्रेट टेम्पोत चढवताना कमरेत कळ आली. जड वाटलं तेव्हाच खाली ठेवायचं, पण चार माणसं बघत होती ना! मणक्याची चकती सरकली. तीन आठवडे झोपून काढले.

तरी यंदा फेब्रुवारीत गोव्याला, मोरजीला गेलोच. आधी डॉक्टरांना विचारलं, चार महिने पोटा-पाठीचे व्यायाम केले. तिथे दुपारनंतर समुद्रावरून छान वारा सुटतो. शिकवणाऱ्याला दुखणं सांगितलं, तर त्याने मांड्यांतून घ्यायचा बसका पट्टा दिला. त्यामुळे पतंगाची ओढ कमरेच्या खाली येते.

आणि पहिला धडा कोणता? हातातला दांडा सोडायचा! घाबरलेला माणूस दांडा जवळ ओढतो आणि पतंग आणखीच खेचतो. सोडला की जोर ओसरतो. दोनदा पाण्यात फरफटल्यावर हे हातांना पटलं.

फळीवर अजून उभा राहिलेलो नाही. उड्या तर मारणारच नाही, आपटलं की दणका मणक्यालाच. असो. रात्री आईला फोन केला, "जड झालं की सोडायला शिकलो बघ."

"तेवढ्यासाठी गोव्याला जावं लागलं व्हय?"