सोळा पायांचा पाटकरी

आइंडहोवनमधल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्याचा आहे. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचं काळं अंग, दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय. नाव एल२९३डी, मोटर चालवणारी चिप. लेकीच्या दोन चाकांच्या रोबोसाठी मी त्याला निवडलं.

त्याच्याकडे पाहिलं की मला आजोळचा पाटकरी आठवतो. भंडारदऱ्याचं पाणी त्याच्या मालकीचं नसायचं, शेतही दुसऱ्याचं. पण कुठलं दार कधी उघडायचं, हे त्याच्या हातात असे. रोबोचा मेंदू असलेल्या आर्डुइनोच्या एका पायातून फार तर ४० मिलिअँपिअर मिळतात, २०च्या आत राहिलेलं बरं. पिवळ्या गिअरच्या मोटरला सुटताना किंवा अडकल्यावर शेकड्यांनी लागतात. मेंदूनं फक्त हुकूम द्यायचा, पाणी सोडायचं काम याचं. हुकूम समजायला सोळाव्या पायावर पाच व्होल्ट आणि मोटरसाठी आठव्या पायावर वेगळी बॅटरी, असे त्याचे दोन पाट आहेत.

रोबो फक्त पुढेच जाणार असता, तर एक दमदार ट्रान्झिस्टर आणि एक डायोड पुरला असता. कॉलेजात असताना पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणलेल्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरची आठवण झाली. तो आइंडहोवनमध्येच सुरू झालेल्या फिलिप्सनंही बनवला, पण त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. शिवाय लेकीला मागेही यायचं होतं. त्यासाठी मोटरभोवती चार दारं लागतात. तिरप्या जोडीतली दोन उघडली की चाक पुढे, दुसरी तिरपी जोडी उघडली की मागे. तिला हे डोमेल नदीच्या काठावर, पाणी अडवायच्या दारापाशी उभं राहून समजावलं. वहीत तिनं चारही दारं काढली, वीज निळी रंगवली.

नावातला शेवटचा ‘डी’ मला सर्वांत प्रिय. तो डायोडचा. मोटर एकदम बंद केली की तिची गुंडाळी उलटा धक्का मारते. तो पोटातले डायोड झेलतात, बाहेरून काही जोडावं लागत नाही.

याच्यात खोट आहे, ती मोठी आहे. भरल्या ओझ्याला अडीच व्होल्टच्या आसपास तो स्वतःच पितो. चार सेलचे सहा व्होल्ट दिले तर मोटरच्या वाट्याला साडेतीन. मॉसफेटचे नवे ड्रायव्हर यापेक्षा कितीतरी काटकसरी आहेत, आणि मोठ्या रोबोला मी तेच घेईन. पण याचे पाय ब्रेडबोर्डात सरळ बसतात, आणि कुठली तार कुठे गेली हे दहा वर्षांच्या मुलीला बोट ठेवून सांगता येतं. पहिल्या रोबोला मला ते जास्त मोलाचं वाटतं.

निवडण्यापूर्वी मात्र चाक हातानं धरून मीटरवर करंट बघायला हवा होता. मी तो फक्त मोकळ्या चाकावर मोजला. एका मोटरमागे सतत ६०० मिलिअँपिअर, क्षणभर १.२ अँपिअर, एवढीच याची ताकद. रविवारी गालिच्याच्या झालरीत दोन्ही चाकं गुंतली. दोन मिनिटांत रोबो गप्प. मी बोट लावलं तर चटका बसला. मधले चार पाय जमिनीला जोडलेले असतात, तेच उष्णता बाहेर नेतात. ब्रेडबोर्डात त्यांना ती टाकायला तांबं कुठलं?

लेकीला वाटलं, मेला. ती चेहरा पाडून बसली. मी बॅटरी काढली आणि तिला घेऊन चाकांतले धागे सोडवत बसलो. अतिउष्णतेत दारं मिटून घ्यायची सोय त्याच्या आतच आहे. थोड्या वेळानं तिनं बॅटरी परत लावली. आधी डावं चाक हललं, मग उजवं.